शास्त्रज्ञाची प्रतिमा आणि वर्गनाट्य : जयपूरच्या वेधशाळेच्या संदर्भात

जयपूरच्या जंतरमंतरमध्ये हिवाळ्याच्या महिन्यांत शाळांच्या सहली एकामागून एक येत असतात. सत्तावीस मीटर उंचीच्या सम्राट यंत्राखाली उभे राहून विद्यार्थी जे ऐकतात, त्याचा सारांश बहुधा एका वाक्यात मावतो : महाराजा सवाई जयसिंह हे थोर ज्योतिर्विद होते आणि त्यांनी ही यंत्रे बांधली. वाक्य खोटे नाही. पण त्याचा कर्ता एकवचनी आहे, आणि शास्त्रज्ञाविषयीच्या शालेय कल्पनांची बरीचशी अडचण या एकवचनातच दडलेली आहे. १७२७ मध्ये वसवलेल्या या नगरात पुढील सात-आठ वर्षांत जी वेधशाळा उभी राहिली, तिच्यामागे संस्कृत पंडित होते, फारसी व अरबी जाणणारे मुसलमान ज्योतिर्विद होते, पोर्तुगीज व फ्रेंच जेझुइट पाद्री होते आणि चुना-दगडात अंशांच्या रेघा कोरणारे कारागीर होते. सहलीच्या वाक्यात यांपैकी कोणालाही जागा नाही. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो की, हे वाक्य अनेकवचनी करण्याचे सामर्थ्य शाळेतील कोणत्या वाङ्मयप्रकारात आहे? पाठ्यपुस्तकातील चरित्रपर धड्यात ते नाही, कारण चरित्र हा मुळातच एकाचा प्रकार आहे. नाट्यात ते असू शकते. पण आपल्या शाळांत शास्त्रज्ञांवर जी नाटिका सामान्यतः होते तिच्यात ते आढळत नाही. या दोन विधानांतील अंतर हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

मुलांच्या मनातील शास्त्रज्ञाचे चित्र हा गेल्या सहा-सात दशकांतील एक चांगला अभ्यासलेला विषय आहे. मार्गारेट मीड आणि रोडा मेत्रो यांनी १९५७ मध्ये अमेरिकेतील माध्यमिक विद्यार्थ्यांच्या निबंधांवरून ही प्रतिमा प्रथम नीट मांडली. पुढे डेव्हिड वेड चेंबर्स यांनी निबंधाऐवजी चित्र मागितले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४८०७ बालकांनी काढलेली चित्रे होती. पांढरा डगला, चष्मा, दाढी-मिशा, काचेची उपकरणे ही चिन्हे वरच्या इयत्तांत वाढत गेलेली दिसली, आणि स्त्री शास्त्रज्ञ होती ती अवघ्या २८ चित्रांत, तीही सर्व मुलींनी काढलेली. २०१८ मध्ये अमेरिकेतील अशा ७८ अभ्यासांचा एकत्र विचार झाला तेव्हा स्त्री शास्त्रज्ञ रेखाटणाऱ्यांचे प्रमाण दशकांगणिक वाढल्याचे आढळले, परंतु मूल जसजसे मोठे होते तसतसे ते पुरुष शास्त्रज्ञाकडे झुकते हेही पुन्हा दिसले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात सुगरा चुनावाला आणि सविता लदगे यांनी १९९८ मध्ये विद्यार्थ्यांच्या विज्ञान व शास्त्रज्ञविषयक कल्पनांवर अहवाल सिद्ध केला, तेव्हा हा प्रश्न भारतीय वर्गांतही रीतसर विचारला गेला. साहित्याच्या अभ्यासकाला या सर्व संशोधनातून एक गोष्ट विशेष जाणवावी. जे मोजले गेले ते वेषभूषा आणि नेपथ्य आहे. मूल शास्त्रज्ञाला पात्र म्हणून ओळखते, आणि तेही रंगमंचावर येण्यापूर्वीच्या, रंगपटातल्या अवस्थेत.

शाळा त्याला नेमके तेच परत देते. राष्ट्रीय विज्ञान दिन १९८७ पासून २८ फेब्रुवारीला साजरा होतो. त्या दिवशी पगडी बांधलेला रामन, कापसाच्या पांढऱ्या केसांचा आइन्स्टाइन आणि कपाळावर केस ओढलेला कलाम हे तिघे देशातल्या कोणत्याही शहरातल्या शाळेत भेटतात. प्रत्येकाला चार वाक्ये असतात आणि ती प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणायची असतात. स्नेहसंमेलनातील नाटिका याहून थोडी लांब असते. तिच्यात बालपणीची गरिबी, एक कुत्सित शेजारी किंवा कर्मठ नातलग, रात्रीचा दिवा आणि शेवटी पारितोषिक अशी चढती मांडणी असते. तिची वंशावळ आपल्याकडील संतचरित्रपर नाटकांपर्यंत सहज नेता येईल : छळ, निष्ठा, चमत्कार, जयजयकार. चमत्काराच्या जागी शोध आला एवढाच फरक. अशी नाटिका पाहून मुलाच्या मनातला डगला कदाचित उतरेल, पण तेथे मखर येईल. प्रतिमा बदलली असे म्हणता येईल; कल्पना बदलली असे म्हणता येणार नाही.

वर्गनाट्य ही संज्ञा येथे याहून निराळ्या अर्थाने वापरली आहे. प्रेक्षक नसलेले, पडदा नसलेले, एका तासिकेच्या पस्तीस-चाळीस मिनिटांत वर्गातील बाके सरकवून होणारे, ज्यात पाठांतराऐवजी परिस्थिती दिली जाते, असे नाट्य. त्याचा सर्वांत बोलका नमुना शिक्षणशास्त्राच्या ग्रंथात नसून एका थोर नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात आहे. बेर्टोल्ट ब्रेख्त यांच्या ‘गॅलिलिओचे जीवन’ या नाटकाच्या आरंभी गॅलिलिओ घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलाला, आंद्रेआला, कोपर्निकसचे मत शिकवतो. तो तोंड धुण्याचे घंगाळ खोलीच्या मधोमध ठेवतो, त्याला सूर्य ठरवतो आणि मुलाला बसल्या खुर्चीसकट उचलून त्याच्याभोवती फिरवतो. मुलगा येथे पृथ्वीची भूमिका करतो. त्याला कोणी शास्त्रज्ञाची गोष्ट सांगत नाही. त्याची जागा बदलली जाते, आणि जागा बदलल्यावर घंगाळ डावीकडे होते की उजवीकडे, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी तपासावे लागते. गॅलिलिओच्या अनुयायांनी आणि विरोधकांनी या नाटकावर पुष्कळ लिहिले आहे; विशेषतः १९४३ चा झ्युरिकचा प्रयोग आणि हिरोशिमानंतर चार्ल्स लॉटनसमवेत सिद्ध केलेला १९४७ चा इंग्रजी पाठ यांत नायकाच्या माघारीचे मूल्यमापन कसे कठोर होत गेले, यावर. त्या चर्चेत हा घंगाळाचा प्रवेश मागे पडतो. वास्तविक नाटकाच्या शेवटी गॅलिलिओचे हस्तलिखित सरहद्दीपार नेणारा माणूस तोच, खुर्चीवर फिरवला गेलेला, आंद्रेआ आहे.

ब्रेख्त यांनी १९३० च्या आसपास ज्या बोधनाट्यांचे प्रयोग केले त्यांत शिकणारा तो प्रेक्षक नसून नट असतो, अशी त्यांची भूमिका होती. मराठीने ब्रेख्त स्वीकारला तो ‘अजब न्याय वर्तुळाचा’ आणि १९७८ मधील ‘तीन पैशाचा तमाशा’ यांच्या द्वारे, म्हणजे गाण्यांचा, सूत्रधाराचा, लोकनाट्याला जवळचा ब्रेख्त. बोधनाट्यांचा रूक्ष, वर्गात बसणारा ब्रेख्त आपल्याकडे फारसा आला नाही. बालरंगभूमीच्या बाबतीतही असेच घडले आहे. पुण्यात १९८६ पासून रुजलेल्या ग्रिप्स चळवळीने मुलांना राजपुत्र आणि चेटकिणींच्या पलीकडचे जग दिले, हे तिचे मोठेच श्रेय. परंतु तिच्यात मोठी माणसे मुलांच्या भूमिका करतात आणि मुले पाहतात. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने १९८० पासून काढलेल्या कलाजथा आणि १९८७ ची भारत जन विज्ञान जथा यांनी विज्ञानाला चौकात आणले. तेथेही गाव पाहणारा होता. वर्गनाट्यात हे उलटते. मुले मोठ्यांच्या भूमिका करतात आणि पाहणारा कोणी उरत नाही. न्यूकॅसलच्या डोरोथी हीथकोट यांनी ज्या पद्धतीला तज्ज्ञाची वस्त्रे पांघरणे असे नाव दिले, तिच्यात वर्गावर एखादे काम सोपवले जाते आणि ते काम जाणणाऱ्या माणसांच्या जबाबदारीने मुलांना ते पार पाडावे लागते. ‘तू न्यूटन हो’ असे तेथे म्हणत नाहीत. ‘हे मोजमाप उद्यापर्यंत हवे आहे, आणि ते चुकले तर दोष आपल्याकडे येईल’ असे म्हणतात. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शाळेत नाट्याला जागा देऊ केली आहे. ती जागा कापसाच्या केसांनी भरायची की या कामाने, हा निर्णय मात्र शिक्षकाच्या वाट्याला येतो.

जयपूर येथे उपयोगी पडते ते यासाठी की, या वेधशाळेच्या इतिहासात असे प्रसंग तयारच आहेत. झीज-ए-मुहम्मदशाही हा जयसिंहाचा फारसी कोष्टकग्रंथ. त्याच्या प्रास्ताविकात धातूच्या यंत्रांविषयीची तक्रार आहे : ती लहान, त्यांचे आस झिजतात, केंद्रे सरकतात. म्हणून दगड-चुन्याची, न हलणारी, मोठी यंत्रे. वर्गातील मुलांना ‘राजाने भव्य यंत्र बांधले’ हे सांगण्याऐवजी एक झिजलेला आस हातात दिला, आणि कालचा आणि आजचा वेध जुळत नाही एवढेच सांगितले, तर भव्यता हे वैभवाचे प्रदर्शन नसून एका त्रुटीवरचा उपाय होता हे त्यांच्याच बोलण्यातून निघेल. सम्राट यंत्रावर सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. ती सरकताना डोळ्यांना दिसते, हा त्या यंत्राचा खरा विस्मय. पण सूर्य हा बिंदू नाही, त्याला तबकडी आहे. त्यामुळे सावलीची कडा धूसर असते, आणि दोन माणसे शेजारी उभी राहिली तर ती कडा नेमकी कोठे संपते यावर त्यांचे एकमत होतेच असे नाही. दोन सेकंदांच्या अचूकतेची जी कीर्ती मार्गदर्शक सांगतात ती या मतभेदातून, सावली कशी वाचावी याच्या युक्त्यांतून मिळवावी लागते. दोन मुले, एक सावली आणि लिहून घेणारा तिसरा. एवढ्यात नाट्य आहे, आणि त्यात खलनायक नाही.

याहून समृद्ध प्रसंग अर्ध्या अंशाचा आहे. जयसिंहाने आग्र्याचे जेझुइट पाद्री मानुएल द फिगेरेदो यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ लिस्बनला धाडले. ते परतताना फ्रेंच ज्योतिर्विद फिलिप द ला हीर यांची लॅटिन कोष्टके घेऊन आले. समुद्रापलीकडून आलेला, नवा, छापील ग्रंथ. त्यातील गणित आणि प्रत्यक्ष वेध ताडून पाहिल्यावर चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचे अंतर आढळले, असे झीजच्या प्रास्ताविकात म्हटले आहे. अर्धा अंश म्हणजे आकाशात चंद्राच्या स्वतःच्या बिंबाएवढी रुंदी. वर्गात हा प्रसंग उभा करताना शिक्षकाने कोणाची बाजू घ्यायची? स्वाभिमानाची बाजू घेतली तर ‘परदेशी ग्रंथ चुकला, आपण बरोबर’ अशी टाळी मिळेल. आधुनिकतेची घेतली तर ‘दुर्बिणीच्या युगात हे अजून नुसत्या डोळ्यांनी बघत होते’ अशी कीव. दोन्ही टाळावे असे प्रसंगाचेच म्हणणे आहे. कारण अंतर सापडल्यानंतर कोष्टके फेकून दिली गेली नाहीत. केवलराम या पंडिताने त्यांच्या आधारे ‘दृक्पक्षसारणी’ हा संस्कृत ग्रंथ रचला. जे पुस्तक चुकते ते पुन्हा वापरात घेणे, हे विज्ञानाच्या व्यवहारातले रोजचे काम आहे. आणि शाळेतील शास्त्रज्ञविषयक नाटिकांत ते कधीही दिसत नाही, कारण त्यात कोणी हरत नाही.

तथापि वर्गनाट्याच्या दृष्टीने जयपूरचा सर्वांत मोलाचा ऐवज वेधांचा नसून भाषांतरांचा आहे, आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे अधिक रेंगाळावे. जयसिंहाच्या आश्रयाखाली जगन्नाथ सम्राट याने युक्लिडच्या भूमितीचे, नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून, ‘रेखागणित’ या नावाने पंधरा अध्यायांत संस्कृत रूपांतर केले. टॉलेमीच्या ‘अल्माजेस्त’चे रूपांतर ‘सम्राट-सिद्धान्त’ १७३२ मधले. ‘रेखागणित’ पुढे हरिलाल ध्रुव आणि कमलाशंकर त्रिवेदी यांनी संपादित केले आणि ते विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बाँबे संस्कृत सीरिजमध्ये छापले गेले. या ग्रंथाच्या आरंभी युक्लिडचे नाव नाही, तूसीचेही नाही. हे शास्त्र ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याला सांगितले, ते परंपरेने पृथ्वीवर आले, मध्यंतरी खंडित झाले आणि जयसिंहाच्या आज्ञेने पुन्हा प्रकट झाले, अशी तेथील मांडणी आहे. मात्र प्रत्येक सिद्धांताला जो शब्द वापरला आहे तो ‘शकल’. संस्कृतात शकल म्हणजे तुकडा, खंड. मराठीतही आपण ‘शकले उडाली’ म्हणतो. येथे तो आला आहे अरबी ‘शक्ल’ या शब्दावरून, ज्याचा अर्थ आकृती. ग्रंथकाराचे नाव पुसले गेले, पण शब्द संस्कृतचा वेष घेऊन आत राहिला.

असा ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाची भूमिका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने करावयाची असेल तर त्याला काय उत्तरे द्यावी लागतील? पात्राला खुर्चीवर बसवून वर्गाने प्रश्न विचारण्याची पद्धत वर्गनाट्यात रूढ आहे. पहिला प्रश्न ठरलेला आहे : युक्लिडचे नाव का घातले नाही? ‘पंडितांनी ग्रंथ वाचलाच नसता’ हे एक संभाव्य उत्तर. ‘शास्त्र कोणा एकाचे नसते’ हे दुसरे, आणि ते वाटते तितके पोकळ नाही. ‘मला ते अपमानास्पद वाटले’ हे तिसरे. इतिहास यांपैकी एकावर शिक्का मारत नाही. म्हणूनच हा प्रश्न चांगला आहे. मुलाला येथे शास्त्रज्ञाच्या बुद्धीविषयी नव्हे, त्याच्या प्रामाणिकपणाविषयी, त्याच्या वाचकांविषयी, त्याच्या पोटापाण्याविषयी विचार करावा लागतो. आणि हे तीन विषय डगला-चष्म्याच्या चित्रात कोठेही काढता येत नाहीत.

जगन्नाथाविषयी एक सावधगिरी मराठी वाचकाने बाळगणे अगत्याचे आहे. तो महाराष्ट्रीय ब्राह्मण होता आणि दक्षिणेतील मोहिमेच्या काळात जयसिंहाला भेटला, अशी परंपरा आहे. बादशहाने हिणवले म्हणून त्याने अरबी-फारसी आत्मसात केली, ही कथाही तिला जोडलेली आहे. आधुनिक अभ्यासक या कथेकडे आख्यायिका म्हणून पाहतात. ती रंगमंचासाठी फारच सोयीची आहे : दरबार, उपहास, प्रतिज्ञा, विजय. मराठी शाळेत तिचे नाटक झाले तर ‘आपला माणूस जयपूरला जाऊन चमकला’ हाच त्याचा आशय ठरेल. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात ज्या संयमाने ग्रंथ आणि ग्रंथकार यांची मोजदाद केली, त्या संयमाला नाट्यात स्थान नाही असे समजण्याचे कारण नाही. आख्यायिका वगळावी असे नव्हे. ती आख्यायिका म्हणून, दोन भाटांच्या तोंडी, एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन आवृत्त्यांत ठेवता येईल. मुले तफावत लगेच पकडतात.

जगन्नाथापेक्षाही रंगमंचीय दृष्ट्या अधिक बोलका प्रसंग नयनसुख उपाध्याय यांचा आहे. तूसीच्या ‘तझकिरा’ या ग्रंथावरील बिरजंदीच्या अरबी टीकेतील एका प्रकरणाचे संस्कृत रूपांतर १७२९ मध्ये झाले, आणि थिओडोसियसच्या गोलविषयक ग्रंथाचे ‘उकर’ हे रूपांतर त्यानंतर लवकरच. दोन्हींवर नयनसुखाचे नाव आहे, आणि मुहम्मद आबिद याने सांगितले त्याप्रमाणे ते लिहिले गेले. एक अरबी वाचणारा, एक संस्कृत लिहिणारा. दोघांमध्ये अर्थ पोहोचवणारी तिसरी, बोलीतली, कोठेही न नोंदलेली भाषा असली पाहिजे. वर्गाला दोन गटांत विभागून याची प्रतिकृती करता येते : एका गटापुढे आकृती, दुसऱ्यापुढे कोरा कागद, मध्ये पडदा, आणि जी संज्ञा लिहिणाऱ्याच्या भाषेत नाही ती वापरण्यास मनाई. दहा मिनिटांत पहिला परकीय शब्द जसाच्या तसा कागदावर उतरेल. ज्यांनी हे केले त्यांना ‘शकल’ समजावून सांगण्याची गरज उरत नाही. बिरजंदीच्या ज्या प्रकरणात टॉलेमीच्या रचनेला पर्याय सुचवणाऱ्या तूसीच्या युक्तीची चर्चा आहे, तेच येथे भाषांतरासाठी निवडले गेले, ही गोष्टही दुर्लक्षिण्यासारखी नाही. जुने टाकून नवे घेणे ही एकच हालचाल विज्ञानात असते, हा समज तेथे सैल होतो.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. हे सर्व ज्ञानव्यवहाराचे नाट्य झाले. पण अंतिमतः जयसिंहाच्या वेधशाळेतून सूर्यकेंद्री विचार पुढे आला नाही. गॅलिलिओच्या दुर्बिणीला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे उलटली होती. जयसिंहाकडे दुर्बिणी होत्या, गुरूचे चंद्र आणि शुक्राच्या कला पाहिल्याची नोंदही झीजमध्ये आहे, तरीही कोष्टके भूकेंद्री चौकटीतच राहिली. जेझुइटांनी कोपर्निकसविषयी काय सांगितले आणि काय सांगणे टाळले याची चर्चा वीरेंद्रनाथ शर्मा यांच्यासारख्या अभ्यासकांनी केली आहे. मग मुलांसमोर मागे राहिलेल्यांचे नाट्य कशासाठी? या आक्षेपाला उत्तर ब्रेख्तच्या दिशेने शोधावे लागते. गॅलिलिओचा प्रवेश करणाऱ्या मुलाला निकाल आधीच ठाऊक असतो. तो इतिहासाच्या बाजूने बोलत असतो, आणि पोपच्या कोर्टातील सर्व पात्रे त्याला मूर्ख वाटतात. जयपूरच्या प्रवेशात ही सुरक्षितता नाही. शुक्राच्या कला दुर्बिणीतून पाहिलेल्या माणसाची भूमिका करून, ‘यावरून काय ठरते?’ या प्रश्नाला त्या माणसाच्या हाताशी असलेल्या पुस्तकांच्या आधारे उत्तर द्यायचे, हे अवघड काम आहे. जे पुढे खरे ठरले ते त्या वेळी उघड होते, या समजुतीला वर्गात दुसरा कोणताही उतारा नाही. ‘मागे राहिलेले’ हा शब्द मुलांनी भूमिका केल्यानंतर वापरावा, आधी नव्हे.

शास्त्रज्ञाची प्रतिमा अनेकवचनी करण्याचा हा प्रश्न अठराव्या शतकापुरता नाही, हे विज्ञान दिनाच्याच नायकावरून दाखवता येईल. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा संचालक रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. त्या हटून बसल्या. अखेर वर्षभर काम पाहून मग निर्णय घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. वर्षानंतर रामन यांचे मत बदलले आणि संस्थेचे दार इतर स्त्रियांना उघडले. १९३९ मध्ये केंब्रिजने त्यांना डॉक्टरेट दिली. मराठीत त्यांचे चरित्र उपलब्ध आहे आणि शालेय नाटिकेसाठी हा विषय अधूनमधून निवडलाही जातो. तो निवडताना रामन यांना कुत्सित शेजाऱ्याच्या जागी बसवले जाते, आणि २८ फेब्रुवारीला तीच शाळा त्यांना मखरात बसवते. एकाच वर्गाने, एकाच आठवड्यात, एकाच मुलाला रामन करून, हे दोन्ही प्रवेश करावेत असे सुचवावेसे वाटते. प्रकाशाच्या विकिरणाचे सूक्ष्म वेध घेणारा माणूस समोरच्या मुलीविषयी पुरावा न पाहता निष्कर्ष काढतो, आणि मग पुरावा पाहून तो बदलतो. यातला दुसरा भाग रामन यांच्या खाती जमा आहे. तो सोडून देणारी नाटिका कमलाबाईंच्याही विजयाचे मोल कमी करते. मुलीने रामन करावा आणि मुलाने कमला, असाही एक पर्याय आहे. तो हास्यास होईल ही भीती खरी आहे. पण हसून झाल्यावर संवाद तेच राहतात.

अशा नाट्याचा परिणाम कसा तपासावा, याविषयी शिक्षणशास्त्रज्ञांकडे तयार साधन आहे : आधी चित्र, नंतर चित्र. त्याविषयी थोडी शंका व्यक्त करणे भाग आहे. नाट्यानंतर मुलाने डगल्याऐवजी अंगरखा काढला, किंवा एका माणसाऐवजी पाच माणसे काढली, तर मोजणीत फरक दिसेल. परंतु विद्यार्थ्याला काय अपेक्षित आहे हे ओळखण्याची कला शाळा आधीच पक्की शिकवते. चित्रापेक्षा प्रश्न ऐकावेत. जो वर्ग जगन्नाथाच्या खुर्चीसमोर ‘तुम्ही किती हुशार होता?’ असे विचारून सुरुवात करतो आणि तासाच्या शेवटी ‘मुहम्मद आबिदचे नाव तुमच्या पुस्तकावर का नाही?’ असे विचारतो, त्याच्या मनात काही हलले आहे. उत्तर तयार नसले तरी चालेल. वस्तुतः या प्रश्नात एक चूक आहे, कारण आबिद जगन्नाथाचा सहकारी म्हणून नोंदलेला नाही, नयनसुखाचा आहे. पण अशी चूक करणारा विद्यार्थी योग्य जागी पोहोचलेला असतो आणि ती दुरुस्त करणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

राहिला भाषेचा प्रश्न, आणि जयपूरमध्ये तो टाळता येत नाही. या वेधशाळेत संस्कृत लिहिली जाई, फारसीत कोष्टके होत, अरबी ग्रंथ वाचले जात, लॅटिन पुस्तके उलगडली जात, पाद्री पोर्तुगीज बोलत आणि ज्यांनी दगड घडवला त्यांची बोली ढूंढाडी होती. आजच्या वर्गात या सर्वांना एकच प्रमाण हिंदी बोलायला लावले, किंवा मराठी शाळेत एकच प्रमाण मराठी, तर पात्रे वेगळी दिसतील पण ऐकू एकच येतील. शालेय रंगभूमीवर प्रमाणभाषा ही शास्त्रज्ञाची आणि बोली ही विनोदी नोकराची, असा एक अलिखित करार आहे. गवंड्याने ढूंढाडीत अंश-कला मोजल्या तर तो करार मोडतो. जयपूरच्या वर्गात ढूंढाडी बोलणारी मुले असतात. महाराष्ट्रात याच जागी अहिराणी किंवा वऱ्हाडी येईल. चार्ल्स कोरिया यांनी नवग्रहांच्या नऊ चौकोनांवर आखलेल्या जवाहर कला केंद्रात, १९९० च्या दशकापासून, हे शहर नाटके पाहते आहे. आराखड्यातच ग्रह असलेली नाट्यवास्तू या शहराला लाभली आहे. तिच्या रंगमंचावर हा अनेक भाषांचा प्रयोग कधी झाला तर उत्तमच, परंतु त्याचे खरे ठिकाण बाके सरकवलेला वर्ग.

पात्रांच्या यादीत आणखी एका नावाची भर घालता येईल. १९०१-०२ मध्ये गॅरेट या इंग्रज अभियंत्याच्या देखरेखीखाली या जीर्ण वेधशाळेचा जीर्णोद्धार झाला. पुसट झालेल्या रेघांवरून कोणते यंत्र कशासाठी होते हे ठरवायचे होते, आणि त्यासाठी संस्कृत ग्रंथ वाचून अर्थ लावणारा माणूस हवा होता. त्या कामात गॅरेट यांचे एक सहायक होते चंद्रधर शर्मा गुलेरी. पुढे, १९१५ मध्ये, ‘उसने कहा था’ ही कथा लिहून हिंदी कथेच्या इतिहासात अढळ झालेले तेच गुलेरी. वेधशाळेच्या उन्हात पोथी आणि दगड ताडून पाहत असताना त्यांनी विशीही ओलांडली नव्हती.